तुळयांची वरची बाजू

सोलापूरला जाते आहे म्हटल्यावर सावंतवाडीत ज्याने त्याने चादर आणायला सांगितली. कशासाठी जाते आहेस, असे विचारणाऱ्यांना उत्तर देताना मात्र माझी अडचण झाली. लाकडावर काँक्रीट चिकटवले, तर तो सांधा किती जोर सोसेल हे आधी सांगता येते का, हे पाहायला मी निघाले होते. खरे तर ते पाहणार होती माझी नणंद केतकी. मी महाविद्यालयात कविता शिकवते. माझी सुट्टी आणि तिच्या चाचण्या एकाच वेळी आल्या, एवढाच माझा त्यात भाग.

केतकी स्थापत्य अभियंता आहे. जुन्या इमारतींच्या लाकडी तुळया न काढता त्यांच्यावर काँक्रीटच्या पातळ लाद्या इपॉक्सी डिंकाने चिकटवायच्या आणि दोघांकडून मिळून भार उचलून घ्यायचा, हा तिच्या अभ्यासाचा विषय. लाकडाची जात, काँक्रीटची प्रत, डिंकाच्या थराची जाडी, हवेतला ओलावा, असे सगळे घालून सांध्याची ताकद आधीच सांगणारे एक सूत्र तिने कैक वर्षे खपून बांधले आहे. प्रयोगशाळेतल्या कोऱ्या लाकडावर ते खरे ठरले होते. माणसे वावरलेल्या घराच्या लाकडावर त्याची परीक्षा प्रथमच होणार होती.

जुळे सोलापूर

उतरलो ते जुळे सोलापुरात, केतकीच्या एका मैत्रिणीच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये. कोकणातून आलेल्या माणसाच्या इथे पहिल्यांदा लक्षात येते ती हवेतली पाण्याची अनुपस्थिती. साडीचे एक टोक दोरीवर टाकून दुसरे टाकेपर्यंत पहिले वाळायला लागते. ओठांना, नखांना, पुस्तकाच्या पानांना एक कडकपणा येतो. आमच्याकडे दारे पावसाळ्यात फुगून चौकटीत अडकतात. इथे त्याच दारांच्या फटींतून ऊन आत येऊन फरशीवर रेघा ओढते.

नळाला पाणी येण्याचा दिवस आम्हांला ठाऊक नव्हता. अंगाला साबण लावून झाल्यावर तो कळला. शेजारच्या बाईंनी बादली दिली, आणि ती परत करायला गेले तेव्हा जेवायलाही बसवले. ताटात ज्वारीची कडक भाकरी, दही आणि शेंगांची चटणी. चटणीच्या मधोमध बोटाने खळगा करून त्यांनी त्यात करडईचे कच्चे तेल ओतले. "तेलाशिवाय चटणी घशाखाली उतरती व्हय, अक्का?" असे वर विचारले. त्या तेलाला गवतासारखा, किंचित तिखट, उन्हात तापलेल्या शेताच्या बांधासारखा वास होता. खोबरेलाच्या वासात वाढलेल्या माझ्या नाकाने तो लगेच निराळा काढून ठेवला.

भवानी पेठ

दुसऱ्या दिवशी रिक्षाने भवानी पेठेत गेलो. माग दिसण्याच्या कितीतरी आधी ऐकू येतात. एकेका घरातून येणारा तो खटका स्वतंत्रपणे ऐकला तर त्याला लय आहे. पण गल्लीच्या मध्यावर उभे राहिले की सगळ्या लयी एकमेकींवर आदळतात आणि त्यांची एक घरघर होते. या गल्लीत नरसम्मांचे घर. तळमजल्यावर टॉवेलांचे यंत्रमाग आणि वरच्या माळ्यावर शिवणखाना, म्हणजे जिथे आसपासच्या बायका टॉवेलांच्या किनारी शिवतात ती खोली. घराण्याची भाषा तेलुगू. पण मराठी बोलतात ती इतकी मोकळी, की परकी मीच वाटावी.

"या की अक्का, वर या," नरसम्मा म्हणाल्या. "वर म्हणजे आता काय, नुसत्या तुळया हायत. साडी सांभाळा."

माळ्याच्या फळ्या महिनाभरापूर्वी काढलेल्या होत्या. उघड्या सागवानी तुळयांमधून खालचे माग दिसत होते आणि त्यांच्या धाग्यांचा तलम भुरा वर तरंगत येत होता. शिवणयंत्रे खाली एका कोपऱ्यात, टॉवेलांनीच झाकलेली. फळ्या निघाल्या त्या दिवसापासून बायका घरी बसल्या होत्या. फळ्यांच्या जागी लाद्या चिकटवल्या, की त्या परत येणार होत्या.

हे नरसम्मांचे म्हणणे. त्यांच्या मुलाचे, व्यंकटेशचे, म्हणणे निराळे होते.

"मॅडम, मी सरळ सांगतो ओ," तो केतकीला म्हणाला. "काढून टाकू हे लाकूड. घर बंद करू, खालवर सगळं नवीन बांधू. नाहीतर एमआयडीसीत शेड बघू. डिंकानं घर चिकटवतेत का कोण?"

"आणि बायका?" नरसम्मांनी विचारले. "भात चुलीवर ठिवून येतेत त्या. शिटी झाली की पळतेत. तुझ्या एमआयडीसीत शिटी ऐकू येतीय का?"

"तोवर दुसऱ्या बायका मिळतील की."

"तुला सगळंच दुसरं मिळतंय."

केतकीने या वादात न पडता टॉवेलांच्या खोक्याचे दोन पुठ्ठे उचलले. एकावर एक ठेवून वाकवले, तर ते सहज वाकले आणि एकमेकांवरून सरकले. मग शिवणखान्यातलाच डिंक लावून तिने ते वजनाखाली ठेवले, आणि आम्ही चहा घेऊन आल्यावर व्यंकटेशच्या हातात दिले. आता ते वाकेनात. "लाकूड आणि लादी अशी एक झाली तर तुमच्या तुळया पुरतात," ती म्हणाली. "सरकली, तर पुरत नाहीत. सगळं मधल्या सांध्यावर आहे."

मायलेकांनी आपसांत ठरवून टाकले होते, की प्रयोगशाळेतले यंत्र सांगेल ते दोघांनी ऐकायचे. फळ्या काढल्यावर जिना रुंद करताना याच माळ्याची एक तुळई निघाली होती. केतकीने गेल्या खेपेस तिचेच तुकडे कापून नमुने करवून घेतले होते: मध्ये लाकूड, दोन्ही अंगांना काँक्रीट. लाकडाची एक बाजू तुळईची मूळची वरची, जिच्यावर घरात लाद्या बसणार होत्या; समोरची ताजी कापलेली. दोन्ही बाजू नियमाप्रमाणे घासून पुसून मगच डिंक लावला होता.

प्रयोगशाळा

प्रयोगशाळा एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मागच्या अंगाला आहे. तिथले यंत्र सांभाळणारे बाशाभाई निवृत्तीला आलेले, मेंदी लावलेल्या दाढीचे गृहस्थ. त्यांचा एक दंडक आहे. नमुना यंत्रात ठेवण्याआधी हजर असलेल्या प्रत्येकाने तो किती भाराला तुटेल याचा आपला अंदाज भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहायचा. नंतर 'मला वाटलंच होतं' म्हणायला जागा उरू नये, हा हेतू. केतकीने आपल्या सूत्रातून निघालेला आकडा लिहिला. व्यंकटेशने त्याच्या निम्म्याहून कमी. बाशाभाईंनी खडू माझ्यापुढे धरला.

"मला यातले काही कळत नाही," मी म्हटले.

"तो क्या हुआ? फुकट बघायचं नाही हितं."

मी काहीतरी लिहिले. ते वाचून बाशाभाई म्हणाले, "मॅडम, इतक्यात तर माझं मशीनच मोडतं की ओ."

यंत्र लाकडाला वरून दाबत होते आणि दोन्ही बाजूंचे काँक्रीट खालून टेकलेले होते. पडद्यावरचे आकडे चढू लागले. केतकीने मला सांगून ठेवले होते, की चांगला सांधा सुटताना डिंकात सुटत नाही. काँक्रीटच फाटते, आणि त्याची साल लाकडाला चिकटून राहते. तेव्हा मोठा आवाज होतो. आम्ही त्या आवाजाची वाट पाहत होतो. आला तो अगदी हलका, ओलसर, पाकिटावरचे तिकीट सोलून काढावे तसा. आकडे थांबले. केतकीच्या अंदाजाच्या निम्म्यावरही ते पोचले नव्हते.

दुसरा नमुना तसाच. तिसराही.

"झालं मग," व्यंकटेश म्हणाला. जिंकल्याचा आनंद त्याच्या आवाजात नव्हता. त्याने फोन बाहेर काढला, थोडा वेळ हातात धरला आणि परत खिशात ठेवला.

"डिंक मिसळताना गडबड झाली असंल," बाशाभाई म्हणाले.

"एकाच डब्यातला डिंक आहे, बाशाभाई. कापलेली बाजू बघा, घट्ट धरून बसली आहे. सुटते ती प्रत्येक वेळी जुनीच बाजू." केतकीने लाकूड उजेडात धरले. त्या बाजूवर काँक्रीटचा कणही नव्हता. तिने नखाने खरवडले, भिंगातून पाहिले, आणि मग ते लाकूड माझ्या हातात देऊन ती फळ्यावरचा स्वतःचा आकडा पाहत उभी राहिली. तिला असे पाहण्याची मला सवय नव्हती.

लाकूड हातात आले की ते हुंगायचे, ही माझी लहानपणची सवय. सागाचा कडवट, कातड्यासारखा वास आला. डिंकाचा रासायनिक वास आला. आणि त्या दोन्हींच्या खालून, हाताच्या उबेने जरा कोमट झालेल्या त्या पृष्ठभागातून, उन्हात तापलेल्या बांधाचा वास आला.

"केतकी," मी म्हटले, "याला करडईचे तेल लावले आहे."

"यंत्रातलं असेल, वहिनी."

"माझ्या मशीनला करडई?" बाशाभाई दुखावले. "घरी खायला पुरत नाही, मॅडम." मग त्यांनी लाकूड घेऊन स्वतः हुंगले आणि केतकीपुढे धरले.

पुन्हा भवानी पेठ

गेलो तेव्हा नरसम्मांनी चिंचेचा भात केला होता. केतकीने ताटाला हात लावण्याआधी तेलाचे विचारले.

"लावते की," नरसम्मा सहज म्हणाल्या. "खंडेनवमीला मागाला, कात्रीला, तुळयांना, सगळ्यांना तेल. आमच्या घरात लाकूड कोरडं ठिवत नाहीत."

आमच्याकडेही लाकडाला काजूच्या टरफलांचे काळे तेल देतात, ते वाळवीसाठी. इथे कारण वेगळे होते. ज्याच्यावर पोट आहे त्याला न्हाऊ घालावे, असे काहीसे.

केतकीने तेल आणि डिंक यांचे वैर त्यांना समजावून सांगितले. तेल प्यालेले लाकूड डिंक घेत नाही, घेतल्यासारखे दाखवते आणि भार आला की सोडून देते. मग ती म्हणाली, "अम्मा, नीट आठवून सांगा. जिन्यावरचा तो तुकडा तेवढा तेलकट असेल, तर मी ते नमुने बाद धरीन आणि कोरड्या लाकडाचे नवे करीन. घर राहील. माळ्यावरच्या तुळयांची वरची बाजू कोरडी आहे ना?"

व्यंकटेश जिन्याच्या तोंडाशी उभा होता. त्याचे तोंड उघडले आणि मिटले.

"खंडेनवमीला खालनंच लावते," नरसम्मा म्हणाल्या. "वर फळ्या हुत्या. हात कुटं पोचणार?"

केतकीने ताट पुढे ओढले. नरसम्मा वाढत होत्या. भाताचा डाव अर्ध्यात थांबला.

"फळ्या काढल्या त्या दिवशी लावलं," त्या म्हणाल्या. "वरनं. सगळ्यांना. इतकी वर्षं अंधारात पडलेलं लाकूड, एकदम उघडं पडलं. बघवंना. आणि माझी मशीन हुती तितल्या तुळईला तर तवापासनं रोजच लावत हुते. येता-जाता."

खालचे माग चालू होते. त्यांचा आवाज मला तेव्हा प्रथमच मोठा वाटला.

"अम्मा, गप बसायचं हुतं की!" व्यंकटेश ओरडला. "मी बघितलं हुतं तुला लावताना. मला हे लाकूड नको हाय, तरी मी गप बसलो. तुझं घर राहिलं असतं बे!"

"आईला बे म्हणू नको."

"बरं, नाही म्हणत. पण का बोललीस?"

"वर त्या बायका बसणार हायत," नरसम्मा म्हणाल्या. "तू बसणार हायस का?" आणि अर्धवट राहिलेला भात त्यांनी केतकीच्या ताटात वाढला.

केतकी बराच वेळ कालवत बसली. प्रयोगशाळेतल्या नमुन्यांनी त्या घराविषयी जे सांगितले होते ते खरे होते. तिच्या सूत्रात या घरातल्या बाईच्या हाताला कुठेच जागा नव्हती. जेवण झाल्यावर तिने विचारले, "चांगला सुतार मिळेल का?"

"माझा दोस्त हाय," व्यंकटेश म्हणाला. "उद्या आणतो."

रंधा

इथल्या कोरड्या लाकडाने तेल किती खोल ओढून घेतले आहे, यावर आता सगळे होते. कोकणातल्या ओल धरलेल्या तुळईने ते इतके प्यायले नसते. केतकीने त्यासाठी कोणतेही उपकरण आणले नाही. पेल्यात पाणी घेतले आणि बोटाने तुळईवर एक थेंब ठेवला. तो चष्म्याच्या भिंगासारखा फुगीर उभा राहिला, आणि त्याच्यात खिडकी दिसू लागली. सुताराने त्या जागेवर रंधा मारला. करवंदी रंगाची पहिली ढलपी गुंडाळत खाली पडली. तेलाचा वास माळाभर झाला. पुन्हा थेंब, पुन्हा तो उभा. पुन्हा रंधा. ढलप्या हळूहळू मधाच्या रंगाच्या होत गेल्या, आणि एका क्षणी थेंब टेकताच पसरला, काळा पडला, नाहीसा झाला. लाकूड पाणी प्यायले.

"प्यायलं!" नरसम्मा म्हणाल्या. रंध्याच्या प्रत्येक फटकाऱ्याला त्या तोवर डोळे मिटून घेत होत्या.

असे एकेक तुळई करत गेलो. रुंदीला हात न लावता वरून थोडी जाडी गेली, ती केतकीने हिशेबात धरली. शेवटी राहिली ती नरसम्मांच्या शिवणयंत्राखालची. तिच्यावर सुताराने किती वेळा रंधा फिरवला ते सांगता येणार नाही. दर वेळी थेंब उभा राही. अखेर केतकीने त्याचा हात धरला.

"पुरे. आता तुळईच उरायची नाही."

"ही गेली का?" नरसम्मांनी विचारले.

"ही गेली, अम्मा."

त्यांनी मान हलवली, आणि ढलप्या गोळा करायला त्या खाली वाकल्या.

थांबलेले दिवस

जिन्यावरच्या तुळईचे उरलेले तुकडे तसेच रंधून नवे नमुने केले, आणि डिंक पुरता पिकेपर्यंत थांबण्याखेरीज काम उरले नाही. मी सिद्धेश्वर तलावाच्या काठी संध्याकाळी जाऊन बसे. कोकणात पाणी आपल्यामागे लागलेले असते; इथे लोक पाण्याकडे चालत येतात, बाजूला चप्पल काढतात, आणि त्याच्याशी काही काम नसताना त्याच्याकडे पाहत बसतात. भाजून शेंगा विकणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांनी मी कुठली म्हणून विचारले, आणि कोकण म्हटल्यावर पुड्यात आणखी मूठभर शेंगा टाकल्या. "तुमच्याकडं नुसता नारळ की," ते कीव येऊन म्हणाले.

केतकी त्या दिवसांत फारशी बोलली नाही. भाकरी मात्र ती दोन जास्त खात असे.

फळा

दुसऱ्या फेरीला नरसम्मा स्वतः आल्या. बाशाभाईंनी त्यांच्याही हातात खडू दिला. "तुटू नये," असे त्यांनी तेलुगूत लिहिले आणि बाशाभाईंनी ते तसेच राहू दिले. केतकीने आपला जुना आकडा पुसला आणि त्याहून बराच लहान लिहिला.

आकडे चढू लागले. ते जुन्या थांब्यापाशी आले, तिथून पुढे गेले. नरसम्मांनी माझे मनगट धरले होते आणि ते त्यांच्या ध्यानात नव्हते. मग आवाज झाला: कोरडा, मोठा, छातीत लागणारा. लाकूड बाहेर काढले, तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंवर काँक्रीटची राखाडी साल घट्ट धरलेली होती. फाटले होते ते काँक्रीट. आकडा केतकीच्या अंदाजापेक्षा वर गेला होता.

"या टायमाला कंजुषी केली, मॅडम," बाशाभाई म्हणाले.

"असू द्या थोडी. वर माणसं बसायची आहेत."

पुढचेही नमुने तसेच मोठ्याने तुटले. एक मात्र फळ्यावरच्या आकड्याला जेमतेम टेकून थांबला. केतकीने घरासाठी धरला तो हाच. चांगल्या नमुन्यांवर घर उभे राहत नाही, असे ती रिक्षात म्हणाली. तेवढ्या ताकदीतही तुळया पुरत होत्या.

निघताना

तेल न सुटलेली ती एक तुळई उतरवली गेली आणि तिच्या जागी लोखंडी गर्डर आला. व्यंकटेशने तो स्वतः पाहून आणला आणि हमालांबरोबर खांदा लावून जिन्यातून वर चढवला. "अम्मा, तुझ्या तुळईपेक्षा ह्यो लई जड हाय," तो धापा टाकत म्हणाला. "लाकूड बरं हुतं." त्याच्या तोंडून हे वाक्य आल्याचे कोणीच त्याला दाखवून दिले नाही. शिवायला येणाऱ्या बायकांपैकी तिघी-चौघी खाली येऊन, माना वर करून, लाद्या कधी बसणार म्हणून विचारत होत्या.

केतकीने नरसम्मांना शेवटचे बजावले. तुळयांना खालून काय लावायचे ते लावा. वरची बाजू आता डिंकाची. लाद्या बसेपर्यंत तिला हातसुद्धा लावायचा नाही. नरसम्मांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि त्या उघड्या, रंधलेल्या, फिकट लाकडाकडे पाहत उभ्या राहिल्या. मग गर्डरकडे वळल्या.

"आणि ह्याला? ह्याला चालतंय का तेल?"

केतकीने गर्डरच्या टोकांची भोके पाहिली. "याला डिंक लावायचाच नाही. बोल्टनं धरायचाय," ती म्हणाली. "चालतं, अम्मा. लोखंडाला तेल चालतं."

नरसम्मा आत जाऊन वाटी घेऊन आल्या. व्यंकटेश तेलुगूत काहीतरी म्हणाला. त्यांनी त्याच्याकडे न पाहता उत्तर दिले. वाटीत बोटे बुडवून त्यांनी गर्डरवर हात टेकला. उन्हातून आलेले लोखंड अजून तापलेले होते. हात चटकन मागे आला. त्यांनी त्याच्यावर फुंकर घातली, थोड्या थांबल्या, आणि पुन्हा टेकवला.